गोणपाट

डॉक्टर फुर्तादांनी एक्स-रे खिडकीकडे धरला.
दीड तासाचं काम माझं, म्हणाले,
त्यानंतरचे दोन महिने तुझे.
उडी नाही, पायरी नाही, मांजर तर नाहीच.
एकवीस तारखेच्या आत
हिला स्वस्थ पडायला शिकव.

मी हसले.
तिरफळ तेव्हा त्यांच्या टेबलाखालची केराची टोपली
तीन पायांवर खोलीभर फिरवत होती.

फोंड्याहून बोरीपर्यंत रिक्षात
तिचं अर्धं अंग बाहेर, माझी मूठ तिच्या पट्ट्यात.
मुंगसामागे गडगा ओलांडताना गेला हा गुडघा.
मुंगूस अजून येतं,
गडग्यावर थांबून चौकशी केल्यासारखं बघतं
आणि जातं.

पहिल्या दिवशी शिवणयंत्राच्या उजव्या अंगाला
गोणपाट अंथरलं, वर एक सुकं सुंगट.
तिने सुंगट खाल्लं,
गोणपाट ओढत परसात नेलं
आणि मारून टाकलं.

बस म्हणायचं नाही,
दवाखान्यातल्या इझाल्दाने बजावलं होतं.
आपणहून हनुवटी टेकली, की सुंगट पुढ्यात ठेवायचं,
आणि आपण त्या गावचेच नाही असं वागायचं.
मी तशी वागले.
एक ते तीन आकड्यांपुरती ती टिकली, मग नऊपर्यंत,
मग मी बांयवर जाऊन कळशी भरून येईपर्यंत.
सुंगटांच्या वासाने गिऱ्हाइकं नाकाला पदर लावून
मापं द्यायची.

मग पदेर. सकाळी साडेसहाला त्याचा भोंगा,
पोंय पोंय,
की आदल्या दिवसाचं सगळं शिक्षण फाटकाबाहेर.
म्हटलं, रोजारबाब, आठ दिवस इथे थांबून वाजव,
पण पाव काढू नकोस.
तो म्हणाला, हांव पाव विकूंक आयलां,
बँड वाजोवंक न्हय.
पण वाजवला.
शेजारची कुमुदिनी पिशवी घेऊन ताटकळली,
तिच्या घरचा चहा तीनदा उकळला,
आणि चौथ्या दिवशी तीच रोजारला म्हणाली,
आणखी एकदा वाजव, आता कान हलला फक्त.

दहाव्या दिवशी दुपारी
ती गोणपाटावर होती खरी, पण धाप भात्यासारखी.
डोळे माझ्या पायावर.
मी खाली पाहिलं.
सुईत दोरा नव्हता, यंत्राचा पट्टा दुरुस्तीला गेलेला,
आणि माझा पाय पेडल मारत होता.
किती वेळ, कोण जाणे.
चौतीस वर्षं मारतोय.
नवरा होता तेव्हा म्हणायचा,
तू झोपेतही काज करतेस.

पाऊल जमिनीवर सपाट ठेवलं.
सोपं नाही ते. पोटरीत मुंग्या आल्या,
नवदुर्गेच्या जत्रेचे सात ब्लाऊज डोक्यात रांगेने उभे राहिले,
एकाच्या बाह्या राहिल्यात, एकाचं अस्तर.
मी त्यांना उभंच ठेवलं.
बऱ्याच वेळाने तिने नाकातून लांब सुस्कारा सोडला,
हनुवटी पुढच्या पायांवर.
सुंगट द्यायला हवं होतं. डबा फळीवर होता.
मी उठले नाही.

वीस तारखेला रात्री नऊनंतर पाणीसुद्धा नाही.
इझाल्दाचा दोनदा फोन, एक दाणादेखील नको हं.

सकाळी भोंगा वाजला.
ती खाटेखालून निघाली, लंगडत,
कुणी न सांगता गोणपाटावर जाऊन पडली.
हनुवटी टेकली.
माझ्या हाताकडे पाहिलं.

हात रिकामा होता.
मी तिला काय सांगणार,
की आज बरोबर केलंस आणि आज काहीच नाही.
रोजारने सवयीने पुन्हा वाजवला,
मग फाटकाशी उभी रिक्षा दिसली तशी
चार उंडे गडग्यावर ठेवून गेला.

ती हलली नाही.
मी तिच्याजवळ जमिनीवर बसले,
दोन्ही पावलं सपाट.
फक्त शेपूट गोणपाटावर आपटत होती,
फट, फट, फट.
शेपटीला मी काही शिकवलेलं नाही.